वाचकांचे प्रश्न : सोळाच्या सोळा मॅच हरलेली टीम

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षीच मिशिगनला आलो, नोवीला राहतो. ऑफिसात डेट्रॉइट लायन्सचा, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, विषय निघाला की जुने लोक "२००८" एवढंच म्हणतात आणि गप्प होतात. त्या सीझनला १६ पैकी १६ मॅच हरले म्हणे. एवढे पगार घेणारी टीम एकही मॅच जिंकू शकत नाही, असं कसं? आणि मग त्यांना खालच्या डिव्हिजनला का नाही टाकलं?

उत्तर : आधी दुसरं सांगतो, ते सोपंय. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, तिला खालची डिव्हिजनच नाही. ३२ टीम ठरलेल्या, टीव्हीचा पैसा सगळ्यांना सारखा वाटून मिळतो, आणि जी टीम सगळ्यात खाली तिला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, कॉलेजचा पोरगा पहिला निवडायचा मान.

आता हरले कसे. मला विचाराल तर मैदानावरच्या पोरांना दोष देऊच नका, ही हार वरच्या मजल्यावर सात-आठ वर्षं शिजत होती. मॅट मिलेन २००१ पासून टीम चालवत होता, त्याने २००३, २००४, २००५ अशी सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हरच उचलले, म्हणजे लांब फेकलेला बॉल पळत जाऊन पकडणारे, २००७ ला परत एक, आणि इकडे डिफेन्स पार पोकळ. २००८ च्या सप्टेंबरात त्याला काढलं तोवर त्याच्या काळात ३१ विजय आणि ८४ पराभव झाले होते. त्या सीझनला लायन्सने २६८ पॉइंट केले आणि ५१७ खाल्ले, यातच सगळं आलं ना.

जीव तुटतो तो मिनेसोटाच्या मॅचमुळे. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, डॅन ऑर्लोव्स्की आपल्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, मागे मागे पळत राहिला आणि मागची रेघ कधी ओलांडली ते त्याला कळलंच नाही, त्याचे दोन पॉइंट समोरच्यांना, आणि मॅच गेली १२-१० ने, बरोब्बर दोन पॉइंटने! थँक्सगिव्हिंगला तर अख्खा देश बघत असताना टेनेसीने ४७-१० धुतलं. आणि ह्याच टीममध्ये कॅल्विन जॉन्सन होता, २००७ ला उचललेला तो रिसीव्हर, बॉल धड पोचत नसताना कॅच घेऊन १३३१ यार्ड आणि १२ टचडाउन (बॉल समोरच्यांच्या एंड झोनमध्ये नेणं), त्याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

प्रश्न : मग लोकांनी टीम सोडली का?

उत्तर : काही मॅचची तिकिटं संपली नाहीत हे खरंय, आणि तेव्हा नियम असा होता की तिकिटं उरली तर गावातल्या टीव्हीवर मॅच दाखवायची नाही, म्हणजे घरी बसलेल्यांचंही गेलं. पण काळ बघा ना, त्याच डिसेंबरात जीएम आणि क्रायस्लर ह्या मोटार कंपन्या सरकारी कर्जाच्या आशेवर तगून होत्या, गावात नोकऱ्या जात होत्या, तिकीट कुठून काढणार? सोडलं मात्र नाही. २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला, सप्टेंबरात वॉशिंग्टनला १९-१४ हरवलं आणि सलग १९ पराभवांची माळ तुटली. प्लेऑफमधला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीतला, विजय यायला जानेवारी २०२४ उजाडलं, तोही ३२ वर्षांनी, २४-२३ असा, आणि समोर कोण, तर स्टॅफर्डच, आता लॉस एंजेलिसच्या रॅम्स टीमकडून. ऑफिसातल्या त्या लोकांना ह्या मॅचबद्दल विचारा, गप्प बसणार नाहीत.