डबा परत, काटा पुढे

“मॅडम, डबा उघडलेलाही नसतो. सकाळी लावलेलं रबर तसंच. आणि वजनाचा काटा मात्र पुढेच. हिला थायरॉईड तर नसेल?”

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली सईची आई विचारत होती (नाव अर्थातच बदललंय). सई अकरा वर्षांची, सहावीत. ऑक्टोबरच्या उकाड्यातही ती कॉलर वर करून बसली होती. त्याचं कारण आईनेच सांगितलं : मानेवर मळ साचतो, रोज डाळीच्या पिठाने घासते, तरी जात नाही.

तो मळ नव्हता. मान, काख इथली कातडी अशी जाडसर, मखमली काळी होणं ही शरीरात इन्शुलिनचं काम नीट चालत नसल्याची खूण असू शकते. घासून ती फक्त लाल होते, झोंबते. म्हणून गप्पा पुढे ढकलल्या आणि त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्तातली साखर आणि थायरॉईड, दोन्ही ठीक निघालं. थायरॉईड कमी पडलं की मुलांची उंचीही रेंगाळते. सईची तर चांगली वाढत होती. पण उंची १४० सेंटिमीटर आणि वजन ४९ किलो म्हणजे वयाच्या मानाने नक्कीच जास्त. मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, याचा) आकडा मुलांना जसाच्या तसा लावत नाहीत. त्यांच्यासाठी वयानुसार वेगळा तक्ता असतो आणि डॉक्टरांनी तोच आईला दाखवला.

मग मी सईला एक गोल काढून दिला. “तुझा दिवस यात भर.”

सकाळी साडेसहाला दूध. सात ते एक शाळा. तिथे तिने काहीच लिहिलं नाही. खोदून विचारल्यावर म्हणाली, “डबा उघडला की सगळ्या म्हणतात, शेळीचा डबा.”

घरच्या एका लग्नात कुणीतरी आईला टोमणा मारला होता. तेव्हापासून सईच्या डब्यात काकडी आणि मोड आलेले मूग. दादाच्या डब्यात तूप लावलेली पोळी आणि बटाट्याची भाजी, कारण ‘तो सुकडा आहे’. म्हणजे सकाळच्या दुधावर ही पोरगी दुपारी दोनला घरी यायची, शेजारून किल्ली घ्यायची आणि ओट्याशी उभ्याउभ्याच दादाच्या बिस्किटांचे पुडे संपवायची. आई पाचला यायच्या आत. कागदाची घडी घालत घालत नखाएवढी करायची आणि कंपासपेटीत दडवायची. रात्री “भूक नाही” म्हणाली की आई खूश, पोरगी डाएट पाळतेय!

खरं सांगते, त्या दिवशी सईला मी काहीच शिकवलं नाही. शिकवणी घरच्यांची लावली.

डबा चौघांचा सारखा. काय शिजवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, ते सईने. दुपारचं वरण-भात-भाजी झाकून तयार ठेवायची, वाढून घ्यायचं काम तिचं. बिस्किटं कुलपात ठेवायची नाहीत, आणायचीच नाहीत, दादासाठीही नाही. इथे आजी उसळल्या : “वाढत्या पोराच्या तोंडचं काढायचं होय?” त्यांची समजूत घालायला दोन बैठका गेल्या. शेवटी दादासाठी शेंगदाण्याचे लाडू करायचे असं ठरलं, आणि त्यातला एक सईलाही.

वजनकाटा माळ्यावर गेला. बाबा लाडाने ‘ढोले’ म्हणायचे, ते बंद. (त्यांच्या तोंडून अजूनही निसटतं.) संध्याकाळी क्लासऐवजी तासभर सायकल, क्लास सुटणार याचं दुःख फक्त आईला झालं.

दुसऱ्या महिन्यात दप्तरात पुन्हा पुडा सापडला. आईचा फोन, रडकुंडीला आलेल्या. म्हटलं, “ताई, उलटतपासणी नको. भूक लागली होती का गं, एवढंच विचारा.” लागली होती. त्या दिवशी व्हॅन तासभर उशिरा आली होती. चोरून खाणाऱ्या मुलाला लबाड ठरवायची आपल्याला फार घाई असते.

आठ महिन्यांनी उंची चार सेंटिमीटर वाढली होती, वजन अर्धा किलो. आई हिरमुसल्या : “काटा तर हललाच नाही!” वाढत्या वयात बहुतेकदा वजन उतरवायचं नसतं, ते थोपवून धरायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं, हे त्यांना पुन्हा तक्ता काढून समजावलं.

मानेवरचा काळेपणा थोडा आहेच. डॉक्टरांनी सप्टेंबरमध्ये परत बोलावलंय. पिठाने घासणं मात्र थांबलंय.