वाचकांचे प्रश्न : वाऱ्याकडे पाठ असलेला किनारा

प्रश्न : मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण पुढच्या वर्षी कॅरिबियनमधल्या एखाद्या समुद्रकाठच्या रिसॉर्टवर आठवडाभर राहण्याचे ठरवत आहोत. स्थळदर्शनाची यादी उरकायची नाही. समुद्रात डुंबावे, वाचावे, निवांत गप्पा माराव्यात, एवढीच इच्छा आहे. परंतु जाहिरातींमध्ये सगळी बेटे सारखीच निळी दिसतात. बेट कोणते आणि महिना कोणता, हे कशाच्या आधारे ठरवावे?

उत्तर : बेटाचे नाव मागाहून ठरवा, आधी तिथे वारा कुठून येतो ते पाहा. कॅरिबियन समुद्रावर वर्षातले बहुतेक दिवस व्यापारी वारे पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून वाहतात, आणि त्यामुळे पूर्व कॅरिबियनमधल्या बहुतेक बेटांना दोन वेगळे स्वभाव आलेले आहेत. अटलांटिककडे तोंड करून असलेला वातसन्मुख किनारा लाटांचा मारा झेलत असतो, तर पश्चिमेकडचा, म्हणजे वाऱ्याकडे पाठ असलेला किनारा बेटाच्या आडोशाला शांत राहतो. तुम्हाला नुसते डुंबायचे आहे, तेव्हा तुमची खोली या दुसऱ्या किनाऱ्यावरच असली पाहिजे. रिसॉर्टचे छायाचित्र वारा दाखवत नाही, नकाशा दाखवतो.

बार्बाडोसचे उदाहरण घ्या. हे बेट अवघे 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद आहे. मी माझ्या मैत्रिणीबरोबर तिथे गेले होते, तेव्हा आमचा मुक्काम पश्चिमेच्या होलटाऊनजवळ होता. सकाळी गुडघाभर पाण्यात उभे राहिले की तळाच्या वाळूवर आपल्याच पायांची बोटे स्पष्ट दिसत, इतके ते पाणी स्थिर असे. त्याच दिवशी दुपारी आम्ही पूर्वेकडच्या बाथशेबाला गेलो. तिथे लाटांनी बुंधे कोरून काढलेले प्रवाळखडक अळंबीसारखे उभे आहेत, सर्फिंग करणारे लांबून येतात, आणि पोहण्याच्या दृष्टीने मात्र तो समुद्र धोक्याचा आहे. माहीतगार माणसे खडकांमध्ये साचलेल्या उथळ डोहांत बसून अंग भिजवतात. तो किनारा देखणा आहे, तासभर पाहायला जरूर जा, पण विश्रांतीचा मुक्काम तिथे नको.

अरुबा बेटावर तर वाऱ्याची दिशा झाडेच सांगतात. तिथल्या दिवी-दिवी नावाच्या झाडांचे शेंडे एकाच बाजूला, नैऋत्येकडे, वाकलेले असतात, आणि वाट चुकलेल्या माणसाने त्यांच्या रोखाने चालत राहिल्यास तो हॉटेलांच्या किनाऱ्यावर पोहोचतो, असे तिथे सांगतात. ईगल बीच आणि पाम बीच या पुळणी याच पश्चिम बाजूला आहेत. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. इथला वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, म्हणूनच पाणी सपाट राहते. पण हवा भरलेल्या गादीवर डोळे मिटून पडलेला माणूस त्याच वाऱ्याने बघता बघता खोल पाण्याकडे ढकलला जातो. असली गादी काठाजवळच वापरावी, आणि एकीने पाहत राहावे.

आता महिना. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा कोरडी, आल्हाददायक असते, आणि म्हणूनच दर सर्वांत चढे असतात. या काळात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांमुळे उठणाऱ्या लांब लाटा अधूनमधून उत्तरेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर येतात, एरवी तक्रारीला जागा नसते. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा असून ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्याचा जोर असतो. अरुबा, बोनेअर आणि कुरासाओ ही तीन बेटे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. ज्यांना पावसाळ्यातच रजा मिळते त्यांनी या तिघांचा विचार करावा. अर्थात, 'कमी धोका' याचा अर्थ 'धोका नाही' असा घेऊ नये. 1999च्या नोव्हेंबरमध्ये लेनी नावाचे चक्रीवादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले आणि एरवी सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पश्चिम किनाऱ्यांचीच त्याने मोडतोड केली. 2024च्या जुलैच्या आरंभी बेरिल वादळाने ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावरची बहुतेक घरे उद्ध्वस्त केली, आणि ऑक्टोबर 2025मध्ये मेलिसा हे पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचे वादळ नैऋत्य जमैकावर धडकले. वादळ येऊन गेलेल्या ठिकाणी जायचे असल्यास खोली राखण्यापूर्वी दुरुस्ती कुठवर आली आहे, हे रिसॉर्टला लेखी विचारावे. तिथल्या माणसांची रोजीरोटी पाहुण्यांवर असते, त्यामुळे उभे राहिलेले बेट आपण टाळू नये, असे मला मनापासून वाटते.

जमाखर्च पाहता मला एप्रिलची अखेर आणि मे हा काळ सर्वांत पसंत आहे, कारण दर उतरलेले असतात आणि वादळांना अवकाश असतो. अडचण एकच, ती म्हणजे सारगॅसम. हे तपकिरी, तरंगते समुद्री शेवाळ 2011पासून मोठ्या प्रमाणावर कॅरिबियनमध्ये येऊ लागले आहे; वसंत आणि उन्हाळ्यात त्याचे थर पुळणीवर साचतात, कुजतात आणि सडक्या अंड्यांसारखा वास सोडतात. तेही वाऱ्याबरोबर आणि प्रवाहाबरोबरच येते, म्हणून पूर्वेकडे उघड्या असलेल्या किनाऱ्यांना त्याचा अधिक उपद्रव होतो. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाच्या पुळणी सुंदर आहेत, पण त्यांचे तोंड पूर्वेला आहे. मे महिन्यात तिथे जाण्यापूर्वी त्याच आठवड्यातली, जाहिरातीतली नव्हेत अशी, छायाचित्रे पाहून घ्यावीत.

शेवटचा मुद्दा विमानतळापासूनच्या अंतराचा. सेंट लुसियाचा मुख्य विमानतळ दक्षिण टोकाला आहे आणि बरीचशी रिसॉर्ट्स उत्तरेला, रॉडनी बेच्या आसपास आहेत. मधला दीड तासाचा रस्ता डोंगरातून वळणे घेत जातो. लांबच्या विमानप्रवासानंतर ज्यांना गाडी लागते, त्यांचा पहिला दिवस त्यातच जातो. जमैकात माँटेगो बेहून नेग्रिलला जायलाही साधारण एवढाच वेळ लागतो. शिवाय विमान अमेरिकेत बदलायचे असेल, तर केवळ तेवढ्यासाठीही भारतीय पारपत्रधारकांना अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मी आणि माझा बालमित्र अशी सहल आखत आहोत. आमची मैत्री तीस वर्षांची आहे, पण आठवडाभर एका खोलीत आम्ही कधी राहिलेलो नाही. तो खर्चाच्या बाबतीत मोकळा आहे, मी हिशेबी. शिवाय तो पहाटे उठतो आणि मी उशिरा. 'ऑल-इन्क्लुझिव्ह' रिसॉर्ट घेतल्याने हे प्रश्न सुटतील काय?

उत्तर : पैशाचा प्रश्न बराचसा सुटेल, झोपेचा सुटणार नाही. जेवण, पेये आणि पुष्कळशी करमणूक एकाच रकमेत आधी भरलेली असली, की रोज संध्याकाळी बिल कोणी द्यायचे हा अवघडलेला क्षण येत नाही, आणि असमान खिशांच्या मित्रांना त्याचा खरोखर आधार होतो. मात्र दोन गोष्टी नीट वाचाव्यात. जाहिरातीतला दर बहुधा 'दोघांनी एक खोली घेतल्यास दरडोई' असा असतो. एकाने ऐनवेळी माघार घेतली तर दुसऱ्याला खोलीचा वाढीव भार सोसावा लागतो, तेव्हा त्या परिस्थितीत काय करायचे हे दोघांनी आजच बोलून ठेवावे. दुसरे असे की तुमच्यापैकी एक जण मद्य घेत नसेल, तर तोही दुसऱ्याच्या पेयांचे पैसे भरत असतो. तसे असल्यास केवळ न्याहारीसह खोली घेऊन जेवणे बाहेर घेणे अधिक न्याय्य ठरते.

खोलीविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगते. आम्ही दोघींनी दोन स्वतंत्र पलंग मागितले होते आणि तसे पत्रही आमच्याकडे होते. रात्री दहा वाजता दार उघडले तेव्हा आत एकच प्रशस्त पलंग होता, आणि त्यावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले होते. पत्र पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की आमच्या मागणीपुढे 'विनंती नोंदवली' एवढेच शब्द होते. विनंती नोंदवणे आणि खोली निश्चित करणे या निराळ्या गोष्टी आहेत. समुद्रकाठची बहुतेक रिसॉर्ट्स जोडप्यांना नजरेसमोर ठेवून बांधलेली असतात, म्हणून मित्रांनी खोलीचा प्रकारच दोन पलंगांचा निवडावा आणि तो पावतीवर लिहून घ्यावा. काही रिसॉर्ट्स केवळ जोडप्यांसाठी असतात, हेही तपासावे.

तुमच्या झोपेच्या वेळांना मी अडचण मानत नाही. तुमच्या मित्राला पहाटेचा समुद्र एकट्याला मिळेल, तुम्हाला शांत खोली मिळेल, आणि न्याहारीला भेटाल तेव्हा सांगायला दोघांकडेही काहीतरी असेल. सुटीत मैत्री कुरकुरते ती बहुधा प्रत्येक तास एकत्र घालवण्याच्या आग्रहामुळे. दुपारपर्यंत ज्याचा तो मोकळा आणि सूर्यास्ताला दोघे एकत्र, एवढा एक ठराव पुरेसा आहे. सूर्यास्त मात्र चुकवू नका. पश्चिम किनाऱ्यावर तो थेट समुद्रात होतो आणि या अक्षांशांवर संधिप्रकाश फार टिकत नाही.

आणखी एक, हिशेबी माणसासाठी. या बेटांवर 'डॉलर' या एका शब्दाचे अनेक अर्थ आहेत. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. सेंट लुसिया, ग्रेनाडा, अँटिग्वा आदी बेटांचा पूर्व कॅरिबियन डॉलर 1976पासून एका अमेरिकी डॉलरला 2.70 या दराने बांधलेला आहे, आणि जमैकाचा डॉलर बाजारभावाने बदलत राहतो. भाव ऐकल्याबरोबर 'कोणता डॉलर?' असे विचारावे. त्यात कोणीही वाईट वाटून घेत नाही.

प्रश्न : माझ्याबरोबर येणाऱ्या मैत्रिणीला पोहता येत नाही आणि तिची त्वचा उन्हाने चटकन भाजते. पुळणीवर कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : उन्हापासून सुरुवात करा, कारण तेच फसवे आहे. बार्बाडोस विषुववृत्ताच्या उत्तरेला अवघ्या 13 अंशांवर आहे. एप्रिलच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, आणि अंगावरून सतत वारा जात असल्याने त्वचा भाजते आहे हे कळतच नाही. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी साडेतीननंतर पाण्यात उतरावे, पाण्यात लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. उन्हापासून बचावासाठी लावायच्या मलमाच्या बाटलीवरची द्रव्ये वाचून घ्यावीत. ऑक्सिबेन्झोन हे द्रव्य प्रवाळांना हानिकारक मानले जात असून अरुबा आणि अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांनी 2020पासून त्यावर बंदी घातली आहे. जस्ताचे मलम चालते.

सावली शोधताना मात्र झाड पाहून बसावे. मँचिनील नावाचे एक झाड या किनाऱ्यांवर वाढते. त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदांसारखी दिसतात, आणि चीक इतका दाहक असतो की पावसात त्याच्याखाली उभे राहिल्यास पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. फळ तोंडात घालणे तर अतिशय घातक. अनेक ठिकाणी अशा झाडाच्या खोडावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढलेला असतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती कसली तरी हद्दीची खूण असावी असे समजून पंचा तिथेच अंथरला होता, आणि नारळ विकणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी धावत येऊन आम्हाला उठवले. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

पोहता न येणाऱ्यांनी कमरेइतक्या पाण्यापलीकडे जाऊ नये आणि तांबडा बावटा दिसल्यास पाण्यात पाऊलच टाकू नये.

प्रश्न : माझी मैत्रीण म्हणते की रिसॉर्टच्या आवाराबाहेर पडायचेच नाही. एखादी संध्याकाळ तरी बाहेर काढावी काय?

उत्तर : जरूर काढावी, आणि ती शुक्रवारची असावी. बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावर ऑइस्टिन्स या कोळ्यांच्या गावात शुक्रवारी रात्री मासळी भाजणाऱ्यांच्या चुली रांगेने पेटतात, लाकडी बाकांवर गावकरी आणि पाहुणे खांद्याला खांदा लावून जेवतात, आणि शेजारी डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटल्याचे आवाज येत असतात. सेंट लुसियाला ग्रोस आयलेटमध्ये शुक्रवारीच रस्त्यावर नाचगाणे असते. शाकाहारी मैत्रिणीने जमैकात 'आयटल' पदार्थ मागावेत. रास्ताफारी या जमैकात जन्मलेल्या धर्मपंथाच्या लोकांचा हा आहार मुख्यतः वनस्पतिजन्य असतो आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या त्यातल्या भाज्या फार चविष्ट लागतात.

बार्बाडोसमध्ये पुळणी सर्वांसाठी खुल्या आहेत, त्यामुळे काठाकाठाने चालत शेजारच्या रिसॉर्टपुढूनही जाता येते. जमैकात तसा सरसकट हक्क नाही; तिथला 1956चा कायदा किनारा राज्याच्या मालकीचा मानतो, आणि स्थानिक लोक आपल्याच समुद्राच्या वाटेसाठी आजही झगडत आहेत. तिथे ज्या सार्वजनिक पुळणी आहेत, तिथे एखादी सकाळ घालवून दुपारचे जेवण त्या काठावरच्या टपरीवर घ्यावे. बाहेर पडताना सैनिकी ठिपक्यांचे कपडे मात्र घालू नयेत; बार्बाडोस, जमैका आणि सेंट लुसियात सामान्य नागरिकांना ते कायद्यानेच मना आहेत, मग ती साधी टोपी का असेना. आणि टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे, येतानाचेही.