बुटाचं खोकं

(वाळवा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र : मुलगी बारावीला ८१ टक्के, नीटमध्ये मागे पडली. रिपीट करायला तयार नाही. संग्रहालयात राहून सस्तन प्राण्यांवर संशोधन करायचं म्हणते. 'पडक्या वाड्यात घुबडानं ओकलेल्या गोळ्या आणून त्यातल्या उंदरांच्या कवट्या जमवते. परवा खोकं उकिरड्यावर फेकलं, तर मलाच म्हणते, त्यातली एक चिचुंद्रीची होती. हे वेड कसं घालवू?')

दादा, पत्रात क्लासची फी आहे, पुतण्याचं एमबीबीएस आहे, पाहुणे काय म्हणतील तेही आहे. मी अडलो ते खोक्यापाशी. गुण कमी पडले म्हणून पोरीच्या दोन वर्षांच्या कष्टांचा उकिरडा करायचा नसतो. आणि चिचुंद्रीचं ती बरोबरच सांगत होती. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे, मग मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीच्या टोकदार दातांची रांग सलग. ती उंदरांच्या गणातलीच नाही. हे तिला कुठल्या क्लासनं शिकवलं?

'म्युझियम म्हणजे भुसा भरलेल्या वाघावरची धूळ झटकणं,' असं तुम्ही लिहिलंय. काचेच्या कपाटामागे कातडी आणि कवट्यांचे खण असतात, खरं काम तिथं चालतं. १९४८ साली तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात मिळालेलं एक वटवाघूळ मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संग्रहात भलत्याच, नेहमीच्या जातीच्या नावानं पडून होतं. १९७० मध्ये थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांनी ते पुन्हा तपासलं, तर नेहमीच्या जातीला असतं तसं शेपूटच त्याला नव्हतं! १९७२ मध्ये सालिम अलींच्या नावानं ती नवी जात जाहीर झाली, पुढे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली. चिठ्ठीवरचं चुकीचं नाव तसंच राहिलं असतं, तर कायद्यानं कुणाला वाचवलं असतं?

वाट सरळ आहे : प्राणिशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा, पीएचडी. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, एकदा दोघं जाऊन या. पण जागा मोजक्या निघतात, तिशीपर्यंत फेलोशिपवर काढावी लागते आणि डॉक्टरकीचा पैसा इथं नाही. हे तिलाही स्पष्ट सांगा. सांगा म्हणतोय, धमकावू नका.

नीट रिपीटचा विषय माझ्यापुरता संपला. या रविवारी तिच्याबरोबर त्या वाड्यात जा. हातमोजे आणि मास्क न्या. रानात सापळे लावायचे नाहीत, त्याला वनखात्याची परवानगी लागते. प्रत्येक कवटीबरोबर जागा आणि तारखेची चिठ्ठी ठेवायला लावा, त्याशिवाय संग्रहालयाला ती कवटी कामाची नाही. आणि नवं खोकं तुम्ही आणा.