घरच्या घरी कारचं इंजिन खोलून बांधता येतं का, की सरळ दुसरं इंजिन बसवावं?

तुमची जुनी पेट्रोल गाडी तेल पितेय, चढावर दम सोडतेय, मेकॅनिकने 'इंजिनकाम निघालंय' असं सांगितलंय. ऑइल बदलणं आणि ब्रेक पॅड घालणं यापलीकडे तुम्ही कधी हात घातलेला नाही. तर घरीच इंजिन बांधावं, की दुसरं आणून टाकावं, असं तुम्ही विचारलंय.

घरी दोन्ही होतं, मी दोन्ही केलंय. पण आधी इंजिन खरंच खोलायला हवंय का, ते बघा. तेल जातंय म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्याच असं नसतं. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरचे रबरी सील कडक झाले, तर रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना निळा धूर टाकते आणि थोड्या वेळाने तो थांबतो. बऱ्याच इंजिनांत हे सील हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न काढताही बदलता येतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतली वाफ परत ओढून घेणारा) तुंबला तरी तेल जळतं, आणि तो तर अगदी किरकोळ पार्ट आहे.

म्हणून पहिलं काम कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येईल त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा. तसाच राहिला तर गळती वरच्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे जोडीने पडले असतील तर मधलं गॅस्केट उडालंय असं समजा आणि फक्त हेड उतरवा.

आता दुसऱ्या इंजिनाबद्दल. त्याच गाडीचं, त्याच कोडचं इंजिन मिळत असेल तर पहिल्यांदाच हे करणाऱ्यासाठी तो सोपा मार्ग आहे. वेगळं, जास्त ताकदीचं इंजिन बसवायचा मोह होईल; तो आवरा. त्यात इंजिन बसवणं हा लहान भाग असतो. माउंट, ड्राइव्ह शाफ्टची लांबी, रेडिएटर, एक्झॉस्ट, वायरिंग, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि त्याच्याशी बांधलेला इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) हे सगळं जुळवत बसावं लागतं, आणि अर्धवट पडलेल्या अशा गाड्या बहुतेक वायरिंगपाशीच अडकलेल्या असतात. शिवाय नोंदणीच्या कागदांवर इंजिन नंबर असेल तर बदलाची रीतसर नोंद करावी लागते. ती चौकशी इंजिन विकत घेण्याआधी करा. जुनं इंजिन घेताना ते हाताने फिरतंय का बघा, ऑइलचं झाकण उघडून आत पांढरट चिकट फेस नाही ना ते पाहा, जमलं तर कम्प्रेशन मोजा. आणि ते बाहेर आहे तोवरच क्रँकचं (पिस्टन जिला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) मागचं सील, वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट नवीन घाला. तेच काम इंजिन गाडीत गेल्यावर करायचं म्हणजे तिप्पट त्रास.

उतरवण्याबद्दल थोडक्यात. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, इंधनाच्या लाइनमधलं प्रेशर सोडा. कूलंट भांड्यात धरा आणि झाकून ठेवा. ते गोड लागतं, विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. एसीचा गॅस हवेत सोडू नका. पुष्कळ गाड्यांत पाइप न खोलता कॉम्प्रेसर बाजूला बांधून ठेवता येतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावाच. क्रेनने उचललेल्या इंजिनाखाली हातसुद्धा नको. प्रत्येक कनेक्टरचा सोडवण्याआधी फोटो घ्या, आणि प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवा. सगळे बोल्ट एकाच डब्यात टाकणारा माणूस शेवटी तीन बोल्ट हातात धरून विचार करत बसतो.

इंजिन स्टँडवर आलं की खरं काम सुरू होतं, आणि ते काम म्हणजे मोजणं. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून आत, थोडे थोडे ढिले करत काढा. कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या कॅप सोडवण्याआधी नंबर आणि दिशा यांची खूण करा. त्या आपापल्या जागी बसवूनच मशीन केलेल्या असतात. अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही. बोअर वर, मध्ये आणि खाली, अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. झीज सर्वांत जास्त वर असते, जिथे पहिली रिंग वळते तिथे. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) जातंय का बघा. पुष्कळ हेडना तेवढीच वाक चालते. पण अंतिम आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. मॅन्युअल नसेल तर इंजिन खोलूच नका, हे माझं ठाम मत.

मोजल्यावर जे बसत नाही ते मशीन शॉपला द्या. बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइझ पिस्टन घालणं, क्रँक ग्राइंड करणं, हेडचा पृष्ठभाग सपाट करणं, हेडला तडा आहे का ते प्रेशरने तपासणं ही घरची कामं नाहीत. पिस्टन आधी आणा, बोअर मग करून घ्या, कारण शॉपवाला हातातल्या पिस्टनच्या मापाने बोअर करतो. ब्लॉक परत आला की साबण, गरम पाणी आणि ब्रश घेऊन धुवा. होनिंगची (बोअर दगडाने घासण्याची) बारीक पूड पेट्रोलने नीट निघत नाही. पांढरं कापड तेलात बुडवून बोअरमध्ये फिरवा. ते करडं येणं थांबेपर्यंत धुणं थांबवू नका, आणि वाळल्या वाळल्या लगेच तेल लावा, नाहीतर गंज धरतो.

बांधताना बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंग आणि क्रँकमधली फट, प्लास्टिगेजने तपासा. मेणासारखा बारीक धागा असतो तो. कोरड्या जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कने (मॅन्युअलमधल्या पिळाने) आवळायची, क्रँक जराही फिरवायची नाही, कॅप काढायची. धागा चपटा होऊन जितका पसरला असेल तितकी फट कमी. पाकिटावरच्या पट्टीशी रुंदी ताडून बघितली की आकडा मिळतो, साधारण ०.०२ ते ०.०५ मिमीच्या मधला असतो. मग तेल लावून क्रँक बसवा आणि प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघा. कुठल्या कॅपनंतर जड झाली ते तिथल्या तिथे कळतं. सगळ्या कॅप आवळून झाल्यावर फिरवलीत तर शोधत बसाल.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. साध्या इंजिनात वरच्या रिंगचा ढोबळ हिशेब असा, की बोअरच्या व्यासाच्या हजारात चार भाग. म्हणजे ७५ मिमी बोअरला ०.३० मिमी. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग किंवा पिस्टन फुटतो. चढवताना रिंगची खूण असलेली बाजू वर.

हेड बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर ते आधी हवेने काढा. बंद भोकात द्रव राहिला आणि वरून बोल्ट आवळला की ब्लॉकला तडा जाऊ शकतो. टॉर्क दिल्यावर पुढे अंशांत फिरवायचे बोल्ट असतील तर नवीनच वापरा, आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने, मधून बाहेर आवळा. सिलिकॉन सीलंट लोक लोण्यासारखं थापतात. जास्तीचं आत ढकललं जातं, सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. जिथे सांगितलंय तिथेच, बारीक रेघ.

टायमिंग (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांच्या खुणा जुळवणं) लावल्यावर इंजिन पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. गिअरबॉक्स जोडताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत बसल्याशिवाय हाउसिंगचे बोल्ट ओढू नका, पंपच फुटतो.

सुरू करण्याआधी प्लग काढून, इंधन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवा. सुरू झाल्यावर गळती बघा, कूलंटमधली हवा काढा आणि गाडी रस्त्यावर न्या. नवीन रिंगा आयडलिंगवर बसत नाहीत, त्यांना लोड लागतो. मध्यम वेग घ्या, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी मंदावू द्या; असं करत राहा. पहिलं ऑइल ५०० किमीच्या आसपास काढा आणि फिल्टर कापून कागदावर पसरून बघा. थोडी चमकणारी पूड असणारच. बेअरिंगचे पापुद्रे किंवा कण दिसले तर गाडी तिथेच उभी करा आणि ऑइल चेंबर उघडा.