निऱ्या सुटल्या त्या संध्याकाळनंतर

मी समुपदेशक आहे. लग्नसराई सुरू झाली की माझ्याकडं एक प्रश्न हमखास येतो. "कार्यक्रमात ऐनवेळी ब्लाऊजचं हूक तुटलं, साडी सुटली, सगळ्यांनी बघितलं. आता चारचौघांत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. काय करू?" विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात. पुरुषही येतात, पण ते 'झोप लागत नाही' म्हणून येतात आणि बॉसच्या मुलाच्या रिसेप्शनमध्ये पॅंट उसवल्याचं तिसऱ्या भेटीत सांगतात.

या प्रश्नाचं उत्तर एका मुलीच्या अनुभवातून देते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

मुलगी खानापूर तालुक्यातली, वय २८. बेळगावात खोली करून राहते, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. घरात मराठी, कामावर कानडी, दोन्हीत तरबेज. कंपनीचा वार्षिक कार्यक्रम हॉटेलात होता, संध्याकाळी, जेवणाआधी सत्कार. तिचंही नाव यादीत होतं. तिनं आईची इरकल मागून आणली, लाल पदराची, बरीच वर्षं ट्रंकेत घडी घालून ठेवलेली. टाचेच्या चपला त्याच दिवशी सकाळी खडेबाजारात घेतल्या.

नाव पुकारलं. ती स्टेजच्या पायऱ्या चढली आणि फॉलचा एक टाका सुटला होता त्यात टाच अडकली. निऱ्यांची अख्खी चळत कमरेतून बाहेर आली. शाल घेऊन उभ्या असलेल्या साहेबांपुढं ती एका हातानं निऱ्या आवळून उभी राहिली. मागं हशा झाला. त्यात 'सीरे' हा शब्द तिच्या कानावर पडला. कानडीत सीरे म्हणजे साडी. नारळ घेऊन ती खाली उतरली ती थेट बाहेर, आणि रिक्षा करून खोलीवर.

त्यानंतर दोन महिने ती एकाही कार्याला गेली नाही. मामेबहिणीच्या साखरपुड्याला ताप आल्याचं सांगितलं. डबा कॅंटीनमध्ये न खाता टेबलावरच खायची. निघताना साडी फाटल्याचं तिच्या लक्षात आलं होतं. ती पिशवीत कोंबून कॉटखाली ढकललेली, आईला पत्ता नाही. आता सख्ख्या भावाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि तिथं ताप आणून चालणार नव्हतं.

"सगळे माझ्याकडंच बघूलालते ओ मॅडम," ती म्हणाली आणि रडायला लागली.

'कोणी बघितलंसुद्धा नसेल' असं मी म्हटलं नाही. ते मैत्रिणींनी आधीच सांगून झालेलं असतं आणि त्याचा उपयोग होत नाही, कारण काहींनी बघितलेलं असतंच. मी एवढंच विचारलं, "किती वेळ उभी होतीस तशी?"

"पाच मिनिटं तरी."

कार्यक्रमाचा व्हिडिओ ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. तिनं तो उघडला नव्हता, ग्रुप म्यूट केला होता. मीही लगेच उघडायला लावला नाही. तयारी न करता असा व्हिडिओ बघितला तर माणूस पडद्यावरचं बघतच नाही, मनातलंच पुन्हा बघतो. म्हणून पहिल्यांदा तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं की यात काय दिसणार. तिनं लिहिलं: तोंड लालभडक, हात थरथरताहेत, परकर गुडघ्यापर्यंत दिसतोय, साहेब नजर चुकवताहेत, सगळा हॉल हसतोय. मग म्हटलं, "आता ही बाई तुझ्या ओळखीची नाही असं समज आणि बघ."

तीनदा बघितला. घड्याळ माझ्या हातात होतं. टाच अडकल्यापासून निऱ्या हातात येईपर्यंत सहा सेकंद. स्टेजवर एकूण एक्केचाळीस. परकर दिसला चार बोटं. चेहरा थोडा ताठ, सत्कार घेताना बहुतेकांचा असतो तसाच. आणि हशा तिची टाच अडकायच्या आधीच सुरू झाला होता, माईकनं कर्कश शिट्टी मारली त्यावर. ती तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा मागं नेऊन ऐकत राहिली.

इथं मी तिला एक प्रयोग सांगितला. मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तो केला, २००० साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज होता जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात चित्र कुणाचं ते साधारण चौथ्या हिश्श्यालाच सांगता आलं. आपल्या अंगाला जी धग लागते ती समोरच्यालाही लागत असणार असं आपण धरून चालतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली तिच्यातही हेच मध्यभागी आहे: घाबरलेला माणूस समोरचे चेहरे बघायचं सोडतो, आत वळतो, आणि आतल्या धडधडीवरून आपण बाहेर कसे दिसतोय याचं चित्र तयार करतो. तिनं कागदावर काढलेलं चित्र तसंच होतं.

पण त्या व्हिडिओत डावीकडच्या टेबलाजवळची एक बाई खरंच हसली होती, तोंडावर हात ठेवून. मुलीनं बोट दाखवलं. मी म्हटलं, "हो, ही हसली." हे मान्य करणं मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळं तुझ्या मनाचं आहे असं सांगून समुपदेशक सुटतो, पण समोरच्याचा विश्वास तिथंच जातो. मग आम्ही त्या एका हसण्यावर पाऊण तास बोललो. ती बाई तुझी कोण? तिच्या हसण्यानं पगार कमी झाला का, काम कुणी काढून घेतलं का? आणि तू कधी कुणाला पडताना बघून हसली नाहीस का? हसली होती. त्या माणसाबद्दल नंतर काय वाटलं? काहीच नाही, ती म्हणाली, मला तर तो माणूस कोण तेपण आठवत नाही.

दुसरी गोष्ट पिनांची. माझ्यासमोर ती साध्या पंजाबी ड्रेसवर बसली होती आणि ओढणीला अकरा पिना होत्या. मोजून घेतल्या. बोलताना दर मिनिटाला तिचा हात खांद्यावर जाई. लोक याला काळजी म्हणतात, मी म्हणत नाही. काळजी घरातच घेऊन मोकळं व्हायचं असतं. आदल्या दिवशी सगळं अंगावर चढवून बघा, त्याच चपला घालून, कारण फॉल जमिनीपासून किती वर हवा ते टाचेवर ठरतं. खाली बसा, जिना चढा, हात वर करा. फॉलच्या टाक्यांवरून बोट फिरवा, हूक ओढून बघा, परकराची नाडी जुनी असेल तर बदला. रेशमात पिन लावताना मागं कापडाचा छोटा तुकडा घ्या, नाहीतर ओढ बसली की पिनच फाडते. पर्समध्ये दोन पिना आणि दोरा ओवलेली सुई ठेवा. एवढं झालं की झालं. हॉलमध्ये गेल्यावरही जो हात सारखा पदर चाचपत राहतो तो काळजीचा नाही, पहाऱ्याचा आहे. आणि पहारा चालू असेपर्यंत मनाला वाटत राहतं की आपण वाचलो ते पहाऱ्यामुळंच.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी तिला एक काम दिलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे अविवेकी समजुती तपासून बदलण्याच्या पद्धतीत, असे लाजेशी भिडण्याचे व्यायाम आहेत. शनिवारी संध्याकाळी गणपत गल्लीत कुर्ता उलटा घालून जायचं, शिवण बाहेर, पिन एकही नाही. चार दुकानांत चार गोष्टी विकत घ्यायच्या, त्यातली एक म्हणजे कुंदा, बेळगावची मिठाई. आणि नजर आत नाही, बाहेर: कोण काय करतंय ते येऊन मला सांगायचं. तिला हे पटायला एक अख्खी भेट लागली. मी जबरदस्ती केली नाही, करूही नये.

ती गेली. पहिल्या दुकानात तळहाताला घाम, चौथ्यापर्यंत बराच कमी. कुणी काही बोललं नाही. परतताना रस्त्याकडेला फुलं विकणाऱ्या एका म्हातारीनं हाक मारली, "बाळ, उलटा घातलाईस बग कुर्ता." आणि वरून अबोलीचा गजरा हातात ठेवला, पैसे मात्र पुरते घेतले. हे सांगताना ती पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळी हसली.

त्यानंतरचं एक पाऊल तिनं स्वतःच उचललं. त्या रात्री मागच्या टेबलावर बसलेल्या मैत्रिणीला कॅंटीनमध्ये जाऊन विचारलं, तेव्हा सीरे सीरे काय चाललं होतं? मैत्रिणीला आधी कुठली संध्याकाळ तेच आठवेना. मग म्हणाली, बहिणीच्या लग्नाला इळकल (कानडीत इरकलला इळकल म्हणतात) घ्यायची होती, तुझी बघून तोच विषय निघाला असेल. खरंच तसं होतं की ती चांगुलपणानं बोलली, ते कळायला मार्ग नाही. मुलीलाही कळलं नाही. ती म्हणाली, "राहू दे मॅडम, नाही कळलं तर नाही."

प्रत्येकाला तीन आठवड्यांत असा उतार पडेल असं मी म्हणणार नाही. ही मुलगी त्या रात्रीपर्यंत माणसांत रमणारी होती. लहानपणापासूनच लोकांसमोर जायची धास्ती असेल, टाळाटाळ सहा-सहा महिने चालली असेल, जेवण-झोप बिघडली असेल तर वेळ लागतो, आणि मदत घ्यायलाच हवी. जवळपास कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोला की कानडीत.

सगळ्यात अवघड गेलं ते आईला सांगणं. लग्नाच्या आठ दिवस आधी ती पिशवी घेऊन खानापूरला गेली. आईनं साडी दारातल्या उजेडात धरली, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "घडीवरच विरलंय हे. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली मी, मोडून दुसरी घालायला पाहिजे होती." जुनं रेशीम घडीच्या रेषेवर असंच जातं. टाच नुसती निमित्त झाली होती.

लग्नात ती दुसरीच साडी नेसली, सपाट चपला घातल्या, पिना चार लावल्या. वरातीच्या वेळी पदराची एक पिन कुठंतरी पडली, ती घरी आल्यावर लक्षात आलं. इरकल शहापुरात रफूला दिली आहे.