छोट्या कॉलेजची बास्केटबॉल ऑफर आणि रँकिंगवाली मुलं: नागपूरच्या एका पालकांना उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा अकरावीत, उंची ६ फूट ८ इंच, राज्याच्या अंडर-१८ संघात खेळलेला. अमेरिकेतल्या एका छोट्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) कॉलेजच्या असिस्टंट कोचने व्हिडिओ पाहून संपर्क केला. ‘देशातल्या पहिल्या शंभरातला एक मुलगा आमच्याकडे येतोय, तुमचा मुलगा त्याच्या जोडीने खेळेल,’ असं त्याने सांगितलं. (शाळकरी खेळाडूंच्या अशा रँकिंगच्या याद्या तिथे निघतात.) असं खरंच होतं का, आणि त्या भरवशावर बारावीनंतर मुलाला पाठवावं का, हे तुम्हाला हवंय.

होतं, पण क्वचित. आणि होतं तेव्हा त्याचं कारण बहुधा त्या एका मुलापुरतंच असतं. २०२१ मध्ये पॅट्रिक बाल्डविन ज्युनियर हा देशातल्या पहिल्या दहांत गणला जाणारा मुलगा ड्यूकसारखं बास्केटबॉलमधलं मोठं नाव सोडून छोट्या मिलवॉकी विद्यापीठात गेला. कारण उघड होतं, तिथले हेड कोच त्याचे वडील होते. घोटा दुखावल्याने तो ११ सामनेच खेळला, संघ १० जिंकून २२ हरला, मार्च २०२२ मध्ये वडिलांना पदावरून काढलं आणि मुलगा त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत) २८ व्या क्रमांकावर गोल्डन स्टेट संघाकडे गेला. २०२० मध्ये मकूर मेकरने केंटकी आणि यूसीएलए ही मोठी नावं बाजूला ठेवून वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ निवडलं. कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठांकडे मोठे खेळाडू वळावेत, ही त्याची जाहीर भूमिका होती. दुखापत झाली, कोविडमुळे संघाचा हंगाम मध्येच थांबला, आणि त्याचे दोनच सामने झाले.

तिसरं उदाहरण गोंझागाचं देतात. स्पोकेनचं हे जेझुइट विद्यापीठ, तिथे २०२० मध्ये जेलन सग्ज आला आणि २०२१ मध्ये चेट होल्मग्रेन. दोघं मिनेसोटाच्या एकाच शाळेतले. पण विद्यापीठ लहान असलं तरी तिथलं बास्केटबॉल लहान नाही. मार्क फ्यू १९९९ पासून तिथे हेड कोच आहेत. परदेशी खेळाडू आणून घडवायची त्यांची घडी आधीच बसली होती, रँकिंगवाली मुलं त्यानंतर आली. हे उदाहरण तुमच्या कोचने दिलं तर ते मोजू नका.

एरवी छोट्या कॉलेजकडे असा मुलगा वळतो तो चार कारणांनी: घरचं कोणी स्टाफवर असतं, उन्हाळी क्लब संघाचा कोच असिस्टंट म्हणून घेतलेला असतो, दुखापतीमुळे किंवा मार्कांमुळे मोठी कॉलेजं मागे हटलेली असतात, किंवा एखादा देणगीदार पैसे लावतो. बारावीच्या वर्षी रँकिंग घसरलेला मुलगाही ‘टॉप हंड्रेड’ म्हणूनच सांगितला जातो. म्हणून विचारा: कोणाच्या यादीत, कुठल्या महिन्यात? २४७स्पोर्ट्स आणि ईएसपीएनच्या याद्या कोणालाही पाहता येतात.

छोट्या कॉलेजांची खरी ताकद याच्या उलट्या दिशेला आहे, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तीच महत्त्वाची. एनबीएत गाजलेले स्टेफ करी डेव्हिडसनला, डेमियन लिलर्ड वेबर स्टेटला, जा मोरंट मरे स्टेटला घडले. तिघांकडेही मोठ्या कॉलेजांनी फारसं लक्ष दिलं नव्हतं. २०१९ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये मोरंट दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. ज्याला दुसऱ्या वर्षापासून वीस-पंचवीस मिनिटं खेळायला मिळतील असा मुलगा ओळखणं, हे या लोकांचं कसब. रँकिंगवाल्या मुलाच्या नावाने तुमचा मुलगा ओढला जात असेल, तर ‘माझ्या मुलाबद्दल काय योजना आहे?’ हा प्रश्न तसाच राहतो.

शिवाय तो मुलगा टिकेलच असं नाही. २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. त्यामुळे दर वसंतात ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) उघडलं की छोट्या संघातला चांगला खेळलेला मुलगा मोठ्या पैशाच्या कॉलेजकडे जातो. २०२२ मध्ये जर्सी सिटीचं सेंट पीटर्स राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावं मानांकन असून केंटकीला हरवत शेवटच्या आठांत पोचलं. त्यानंतर काही दिवसांतच कोच सीटन हॉलला गेले आणि मुख्य खेळाडू पांगले. अपयशाने संघ फुटतो तसाच यशानेही फुटतो, हे धरूनच हिशेब करा.

पोर्टलचा दुसरा परिणाम थेट तुमच्यावर आहे. छोटे कोच आता बारावीच्या मुलांऐवजी २१-२२ वर्षांचे तयार खेळाडू उचलतात. म्हणून पहिला प्रश्न हा: ‘गेल्या दोन वर्षांत थेट शाळेतून किती मुलं घेतली, आणि त्यातली किती अजून संघात आहेत?’ उत्तर कोचकडून ऐका, मग कॉलेजच्या वेबसाइटवरच्या संघयादीशी ताडून पाहा. जुन्या हंगामांच्या याद्याही तिथे असतात. मुलाच्या जागेवर कोण कोण आहे, त्यांची किती वर्षं उरलीत, हे अर्ध्या तासात कळतं. सामन्यांच्या आकडेवारीत पहिल्या वर्षाच्या उंच मुलांना किती मिनिटं मिळाली तेही बघा. चारपाच मिनिटं असतील तर मुलाचं पहिलं वर्ष बेंचवर जाणार, हे आत्ताच घरात बोलून ठेवा.

आता जागा आणि पैसा. २०२५-२६ पासून हाउस खटल्याच्या (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या) तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजला पुरुषांच्या संघात १५ खेळाडू ठेवता येतात आणि सगळ्यांना शिष्यवृत्ती देता येते. सामील न झालेल्यांना जुनी १३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे. तुमचं कॉलेज कुठल्या बाजूला आहे ते विचारा. डिव्हिजन टूमध्ये दहा शिष्यवृत्त्यांची रक्कम वाटून देतात, त्यामुळे तिथे ‘स्कॉलरशिप’ म्हणजे कधी निम्मीच असते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी पैसे मिळतच नाहीत. आयव्ही लीग या नामवंत विद्यापीठांच्या गटातही नाहीत, पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन परदेशी मुलालाही घरच्या उत्पन्नाप्रमाणे भरपूर मदत देतात. मार्क चांगले असतील तर हा रस्ता सोडू नका.

‘ऑफर’ हा शब्द फोनवर फुकट असतो. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडू आणि कॉलेज यांना बांधणारं पत्र, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता खरा कागद म्हणजे आर्थिक मदतीचा लेखी करार. त्यात मुदत एक वर्षाची की चार वर्षांची, हे पहिलं वाचा. मुदत चालू असताना दुखापत झाली किंवा खेळ घसरला म्हणून पैसे कमी करता येत नाहीत. मुदत संपल्यावर नूतनीकरण होणार की नाही हे १ जुलैपर्यंत लेखी कळवावं लागतं, आणि नाकारलं तर अपील करता येतं. एक वर्षाचा करार असेल तर नवा कोच आल्यावर तुमचा मुलगा पहिला बाहेर पडू शकतो. म्हणून चार वर्षांचा मागा. शिवाय या चार गोष्टी नावानिशी विचारा: आरोग्य विमा कोण भरणार, मे महिन्यात वसतिगृह बंद झाल्यावर राहायचं कुठे, उन्हाळी वर्गांची फी कोणाची, आणि वर्षातून एकदा घरी यायचं विमान भाडं मिळतं का. ‘फुल’ म्हटलेल्या शिष्यवृत्तीत यातलं काहीही सुटलेलं असू शकतं.

पात्रतेचं काम मात्र आजच सुरू करा, कारण बहुतेक घरं इथेच अडकतात. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था) एलिजिबिलिटी सेंटरमध्ये, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या विभागात, खातं काढा. परदेशी मुलांसाठी फी दीडशे डॉलरच्या वर आहे. डिव्हिजन वनला नववी ते बारावीत १६ मुख्य विषय लागतात: चार वर्षांचं इंग्रजी, तीन गणित, दोन विज्ञान, दोन सामाजिक शास्त्रं, बाकी याच गटांतले आणि भाषा वगैरे. शारीरिक शिक्षण, चित्रकला धरत नाहीत. सरासरी (जीपीए, ४ पैकी) किमान २.३ हवी. टक्क्यांचं रूपांतर एनसीएए स्वतःच्या तक्त्याने करतं, त्यामुळे इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरवर विसंबू नका. मुलाने अकरावीला गणित सोडलं असेल तर तीन वर्षांचं गणित भरतं का, हे आधी तपासा. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं, आणि इंग्रजीची परीक्षा बहुतेक जण मागतात.

कागदांत दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा. एलिजिबिलिटी सेंटर, आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद) आणि डीएस-१६० (व्हिसाचा अर्ज) या तिन्हींवर पासपोर्टप्रमाणेच नाव घाला, आणि गुणपत्रिकेसोबत शाळेचं एक इंग्रजी पत्र जोडा की ही एकच व्यक्ती आहे. दुसरा घोळ ज्युनियर कॉलेजचा. अकरावी-बारावी हे शालेय शिक्षण आहे, हे फॉर्मवर आणि कोचला स्पष्ट सांगा, नाहीतर मुलगा कॉलेजात गेलेला आहे असा समज होतो.

‘एक वर्ष ड्रॉप घेऊन तयारी करू’ असं कोणी सांगेल तर थांबा. शाळा संपायच्या अपेक्षित तारखेनंतर बास्केटबॉलमध्ये साधारण एका वर्षाची सवलत असते. त्यापुढे स्पर्धा खेळत राहिला तर खेळायची वर्षं कमी होतात. तात्पुरता म्हणून बी.कॉम.ला प्रवेश घेणं त्याहून वाईट: जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलं की पात्रतेचं घड्याळ, म्हणजे खेळायच्या मर्यादित वर्षांची मोजणी, सुरू होतं आणि मुलगा ट्रान्सफर ठरतो. हे नियम वारंवार बदलतात, अर्जाच्या वर्षीचे वाचा. पगार किंवा मानधन देणाऱ्या कुठल्याही संघाशी करार करायच्या आधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते पाहणारं कार्यालय) ईमेलने विचारा, आणि उत्तर जपून ठेवा.

अमेरिकेतल्या प्रेप स्कूलचे, म्हणजे कॉलेजआधी तयारी करून घेणाऱ्या शाळांचे, एजंटही येतील. बारावी झाल्यावर तिथे घालवलेलं वर्ष शरीर आणि खेळ सुधारतं. मार्क मात्र फारसे सुधारत नाहीत, कारण डिव्हिजन वनसाठी शाळा संपल्यानंतर एकच जादा मुख्य विषय धरला जातो. आणि त्या शाळेला आय-२० द्यायचा अधिकार आहे का, तिचे विषय एनसीएएच्या यादीत आहेत का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय एक रुपया भरू नका. मोहालीचा अमान संधू एनबीए अकॅडमी इंडियातून पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेत आणि तिथून न्यू जर्सीच्या मॉनमथला गेला. तेही छोटंच डिव्हिजन वन कॉलेज. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अॅरिझोनाला गेली. भारतीय मुलांना दार उघडलं ते अशाच कॉलेजांनी.

व्हिडिओबद्दल एक. गाणं लावलेली डंकची क्लिप कोच दहा सेकंदांत बंद करतात. तीन मिनिटांच्या निवडक खेळासोबत दोन पूर्ण सामने द्या, मधल्या रेषेवरून, उंचावरून, कॅमेरा न हलवता, जर्सीचा रंग आणि नंबर लिहून. उंच मुलात ते पाहतात की पिक-अँड-रोलला (समोरचा खेळाडू आडोसा देऊन चेंडूवाल्याला वाट करून देतो तेव्हा) तो बाहेर येऊन परत वेळेत रिंगखाली पोचतो का, आणि चेंडू हरवल्यावर धावतो का. उंची बूट काढून मोजा, हात पसरलेली लांबी आणि उभ्याने वर केलेल्या हाताची पोच सेंटिमीटरमध्ये द्या. दोन इंच वाढवून लिहिलेली उंची पहिल्या भेटीतच उघडी पडते आणि मग बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

व्हिसाचं वेळापत्रक कोचला माहीत नसतं, ते तुम्ही सांगा. त्यांचा सराव जूनमध्ये सुरू होतो. बारावीचा निकाल लागतो मेमध्ये, त्यानंतर अंतिम गुणपत्रिका, एनसीएएची मंजुरी, आणि त्याच दिवसांत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतींची गर्दी. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम सुरू व्हायच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो, प्रवेश मात्र सुरुवातीच्या ३० दिवस आधीच. म्हणून अकरावीच्या मार्कांवर प्रवेश घेऊन आय-२० हिवाळ्यातच मागा, आणि त्यावर जूनची तारीख हवी की ऑगस्टची हे ठरवून घ्या. सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) फी ३५० डॉलर, व्हिसा अर्ज १८५. मुलाखतीत शिष्यवृत्तीचं पत्र आणि काय शिकणार, हे दोन वाक्यांत सांगता यायला हवं. ‘एनबीएत जायचंय’ हे तिथे सांगायचं उत्तर नाही. तो विद्यार्थी म्हणून जातोय.

शेजारचे अमेरिकन खेळाडू जाहिरातींचे पैसे घेतील, कॉलेजकडूनही थेट हिस्सा घेतील. तुमच्या मुलाने ते पाहून सही करायची नाही. एफ-१वर परवानगीशिवाय अमेरिकेत केलेली जाहिरात, ऑटोग्राफ, सशुल्क पोस्ट हे काम ठरू शकतं आणि व्हिसा जाऊ शकतो. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेने २०२२ मध्ये संघ बहामाला असताना तिथे शूटिंग करून हा प्रश्न सोडवला. प्रत्येक प्रस्ताव कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडे आणि इमिग्रेशन वकिलाकडे न्यायचा. कोचचं ‘चालतं रे’ यात कामाचं नाही.

करही लागतो, आणि तो पहिल्या वर्षी सगळ्यांना धक्का देतो. शिष्यवृत्तीतली फी आणि पुस्तकं करमुक्त आहेत, पण राहण्या-जेवणाच्या भागावर कॉलेज १४ टक्के कापतं किंवा मुलाच्या खात्यावर बाकी लावतं. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळतं, ही सवलत बहुतेक देशांच्या मुलांना नाही. म्हणून एप्रिलमध्ये १०४०-एनआर हा परदेशी लोकांचा कर अर्ज भरला की कापलेल्यातलं बरंच परत येतं. त्यासाठी सोशल सिक्युरिटी किंवा आयटीआयएन हा करदात्याचा नंबर लागतो, तर सप्टेंबरमध्येच त्याच्या मागे लागायला सांगा.

कोचला उत्तर पाठवाल तेव्हा इंग्रजीत एवढं तरी विचारा: करार किती वर्षांचा, शाळेतून घेतलेली किती मुलं टिकली, तुमचा स्वतःचा करार कधी संपतो, आणि आय-२० कुठल्या तारखेचा. आठवड्याभरात चारही उत्तरं लेखी आली तर पुढे बोला. नाही आली तर डिव्हिजन टू आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांच्या कोचनाही तोच व्हिडिओ याच महिन्यात पाठवा.