वाचकांचे प्रश्न : लाइक भरपूर, समुपदेशन कक्ष रिकामा

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं मानसिक आरोग्याविषयी इन्स्टाग्राम पान चालवतात. लाइक येतात, पण समुपदेशन कक्षाकडे कुणी फिरकत नाही. काय चुकतं?
– एक प्राध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : बहुतेक पोस्ट ‘मोकळे व्हा, बोला’ एवढंच सांगत असणार. त्याला कुणीही मान डोलावतं. कक्षाचं दार उघडण्याआधी मनात येणारे प्रश्न वेगळे असतात : पैसे पडतील का? नाव कुठे नोंदवतात? घरी कळेल का? आत जाताना वर्गातल्या कुणी पाहिलं तर? यातल्या एकेका प्रश्नाला एकेक पोस्ट द्या. कक्ष कुठल्या मजल्यावर आहे, कोणत्या वारी किती वाजता उघडा असतो, पहिल्या भेटीत काय विचारतात, हे स्पष्ट लिहा. समुपदेशकांनी स्वतः अर्धा मिनिट कॅमेऱ्यासमोर बोलावं. ओळखीच्या चेहऱ्याकडे जाणं सोपं असतं. आणि कक्ष प्राचार्यांच्या दालनासमोर असेल तर आधी जागा बदला, ती अडचण कुठल्याही रीलनं सुटणार नाही.

‘कुणालाही काही कळणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 गुप्ततेचा हक्क देतो, पण जिवाला धोका दिसला तर आवश्यक तेवढी माहिती सांगायची मुभाही देतो. हा अपवाद पोस्टमध्येच लिहा. वचन एकदा मोडलं की ती बातमी कॉलेजभर होते.

तांत्रिक चुकाही नेहमीच्याच. इन्स्टाग्राम पोस्टच्या मजकुरातली लिंक दाबून उघडत नाही. ती बायोमध्ये किंवा स्टोरीच्या लिंक स्टिकरवर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर क्रमांक फक्त चित्रात असेल तर त्यावर दाबून फोन लागत नाही, म्हणून खाली टाइपही करा. पोस्टर वर्षानुवर्षं फिरत राहतं, तेव्हा त्यावर तारीख घाला आणि टाकण्याआधी क्रमांक लावून पाहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022पासून आहे. तो मोफत, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

लाइक मोजणं सोडा. कक्षाच्या नोंदीत ‘इथली माहिती कुठून मिळाली?’ असा एक रकाना ठेवा आणि महिन्याची बेरीज नावांशिवाय पाहा.

प्रश्न : काही जण पानावर रात्री मेसेज करतात. स्वयंसेवकांनी काय उत्तर द्यावं?

उत्तर : विद्यार्थ्यांनी समुपदेशन करू नये, ते ओझं त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. आपोआप जाणारं उत्तर लावा : ‘मेसेज सोमवार ते शुक्रवार 10 ते 5 वाचले जातात. आत्ता बोलायचं असेल तर 14416. जीव धोक्यात असेल तर 112.’ मेसेज पाहणारे दोघंच असावेत, त्यातले एक शिक्षक. स्क्रीनशॉट कुठल्याही गटात जाता कामा नये.

तरीही कुणी मरणाची भाषा केली आणि ते वाचलं गेलं, तर थेट विचारावं : ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ अशा विचारण्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. मग कुठे आहे, सोबत कुणी आहे का, हे विचारून लगेच समुपदेशकांना फोन करावा. तो कुणी करायचा, रात्री कोण निघणार, हे पान सुरू करण्याआधीच ठरलेलं असावं.

एखाद्या विद्यार्थ्यानं आत्महत्या केली तर पानावर पद्धत, जागा, चिठ्ठी यांचा उल्लेख नको, आणि ‘आता तो मुक्त झाला’ असं तर मुळीच लिहू नका. आधीच खचलेल्या मुलांना त्यातून तीच वाट दिसते. कोण मदत करतं आणि कुठे, एवढं मात्र त्या दिवशी नक्की लिहा.